सिंकखालचं यंत्र आणि आपलं खरकटं

न्यू जर्सीत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचे मला सिंक तुंबल्याचे फोन येतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं: भात.

मोरीच्या तोंडाखाली डब्यासारखं लटकतं ते गार्बेज डिस्पोजल. ती कचरापेटी नव्हे. विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुविशारदाने १९२७ मध्ये ते घडवलं, ताटातलं उरलंसुरलं बारीक होऊन वाहून जावं म्हणून. आत मिक्सरसारखी पाती नसतात. एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरचे धातूचे तुकडे खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर आपटतात. जे ठेचलं जातं ते पुढे जातं, धागे असलेलं आत गुंडाळून बसतं. चघळलेल्या शेवग्याच्या शेंगा, नारळाची शेंडी, कांद्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या आत टाकू नका. भात, पोहे, साबुदाणा बारीक होतात खरे, पण खालच्या वाकड्या पाइपात त्यांची अक्षरशः खळ होते. कढईतलं तेल-तूप जुन्या डब्यात ओतून कचऱ्यात द्या. यंत्र चालवताना पाणी गारच सोडा. गरम पाण्याने वितळलेलं तूप पुढे जाऊन थिजतं.

यंत्र नुसतं घुमतंय, फिरत नाही? लगेच बंद करा. ब्रेकर, म्हणजे पॅनेलमधला त्याचा विजेचा स्विच, पाडा आणि तरीही हात आत घालू नका. अडकलेला चमचा चिमट्याने काढा. यंत्राच्या बुडाशी बाहेरून मधोमध भोक असतं, त्यात पाव इंची ॲलन की (वाकडी षटकोनी किल्ली) घालून दोन्हीकडे फिरवा. मग बुडाचं लाल बटण दाबा. बटण बसत नसेल तर मोटर दहा मिनिटं निवू द्या.

भाड्याचं घर असेल तर इथेच थांबा आणि मेंटेनन्सला कळवा. यंत्र घरमालकाचं आहे, बदलायचं कामही त्याचंच.

स्वतःच्या घरात बुडातूनच पाणी ठिबकू लागलं की समजा, आतलं सील गेलं, नवीनच घ्या. शक्यतो जुन्याच कंपनीचं घ्या, म्हणजे सिंकला बसवलेली रिंग बरेचदा तशीच चालते आणि पुट्टीचा खटाटोप वाचतो. चौघांच्या घराला अर्धा हॉर्सपॉवर कमी वाटतो, मी पाऊण सांगतो. खोक्यात वायर आहे का ते बघून घ्या, पुष्कळदा ती वेगळी विकत घ्यावी लागते. जुनं सोडवताना ब्रेकर पाडा आणि खाली रंगाचा डबा टेकू म्हणून ठेवा, एकदम हातावर येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नव्या यंत्राच्या बाजूला डिशवॉशरच्या पाइपासाठी तोंड असतं आणि ते आतून प्लास्टिकच्या चकतीने बंद असतं. डिशवॉशर जोडायचा असेल तर यंत्र वर चढवण्याआधी स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ती चकती फोडा आणि तुकडा आतून काढून टाका. मी पहिल्यांदा ते विसरलो. रात्री भांडी लावली, सकाळी दार उघडलं तर डिशवॉशरच्या तळाशी गढूळ पाणी आणि त्यात तरंगणारे मोहरीचे दाणे. सगळं पुन्हा उतरवावं लागलं.

जोडून झालं की मोरीला बूच लावून सिंक काठोकाठ भरा, मग एकदम सोडा, आणि खाली वाकून प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू टेकवा. तो ओला झाला तर तिथलं नट आणखी थोडं आवळा. टिश्यू कोरडा राहिला की मगच ब्रेकर चालू करा.