त्रैराशिक: तिरकस गुणाकार करायच्या आधी काय बघायचं

मी बिल्डिंगमधल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास घेते, त्यात एक गोष्ट परत परत दिसते, प्रमाणाची गणितं गुणाकारात चुकतच नाहीत, मांडणीत चुकतात. परवाचंच उदाहरण, ७५० ग्रॅम भेंडी ६० रुपयांना तर २ किलोला किती? एकाने पटकन लिहिलं ७५०/६० = २/क्ष, तिरकस गुणाकार केला, उत्तर आलं ०.१६. म्हणजे २ किलो भेंडी १६ पैशांत! गुणाकार-भागाकार अगदी बरोबर होता हां, फक्त एका बाजूला ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला किलो राहिले होते.

म्हणून पेन उचलायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, ही गोष्ट दुप्पट केली तर ती पण दुप्पट होते का? होत असेल तर समप्रमाण. उलट ती अर्धी होत असेल तर व्यस्तप्रमाण. आणि यातलं काहीच होत नसेल तर त्रैराशिक, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायची ही रीत, लावायचंच नाही, हे मुलांना कुणी सांगतच नाही. आई ३० वर्षांची असताना मुलगी ५ ची, मग मुलगी १० ची झाल्यावर आई ६० ची होते का, नाही ना, ३५ चीच होते. रिक्षाचं पण तसंच, बसल्या बसल्या कमीत कमी भाडं लागतं, त्यामुळे अंतर दुप्पट झालं तरी भाडं बरोब्बर दुप्पट होत नाही.

आता मांडणी. दोन ओळी करा, वर जे माहीत आहे ते, खाली जे काढायचंय ते, आणि ग्रॅमखाली ग्रॅमच, रुपयांखाली रुपयेच.

७५० ग्रॅम : ६० रुपये
२००० ग्रॅम : क्ष रुपये

आपल्याकडे हे फार जुनं आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हाच नियम दिलाय, माहीत असलेली राशी ती प्रमाण, तिचं मिळालेलं ते फल, आणि जिचं काढायचंय ती इच्छा. फल गुणिले इच्छा भागिले प्रमाण, झालं उत्तर. तीन राशी म्हणून त्रैराशिक. पुढे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये हे पण स्पष्ट लिहिलं की प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे हवेत, म्हणजे आपल्या भेंडीवाल्या चुकीवरचा उपाय तेव्हापासूनच सांगून ठेवलेला आहे! इथे ६० × २००० ÷ ७५० = १६०. १६० रुपये, हे पटतं.

तिरकस गुणाकार का चालतो हे पण एकदा समजून घ्या, नुसतं पाठ नको. ७५०/६० = २०००/क्ष यात दोन्ही बाजूंना आधी ६० ने आणि मग क्ष ने गुणलं की छेद निघून जातात आणि ७५० × क्ष = २००० × ६० उरतं, एवढंच आहे ते, जादू काही नाही. आणि ज्याला हे जड जातं त्याने सरळ एकाची किंमत काढावी, ७५० ला ६० म्हणजे २५० ला २०, किलोला ८०, दोन किलोला १६०. मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते, कारण प्रत्येक पायरीला काहीतरी अर्थ असतो.

व्यस्तात भागाकार नाही, गुणाकार सारखा राहतो. ६ मजुरांना एका कामाला १० दिवस, तर ४ मजुरांना? एकूण काम ६ × १० = ६० मजूर-दिवस, ६० ÷ ४ = १५ दिवस. इथे चुकून समप्रमाण लावलं तर साडेसहा दिवसांच्या आसपास येतं, म्हणजे माणसं कमी करून काम लवकर, असं कसं होईल!

अजून एक हमखास चूक. इडलीला ३ वाट्या तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, म्हणजे ३:१. आता एकूण १० वाट्या धान्य भिजवायचंय तर डाळ किती? बरेच जण १० ला ३ ने भागतात. पण १/३ ही डाळ तांदळाच्या मानाने आहे, एकूण भाग ३ + १ = ४, म्हणून डाळ १० ÷ ४ = अडीच वाट्या आणि तांदूळ साडेसात. प्रश्नात "एकूण" शब्द दिसला की आधी भागांची बेरीज करायची.

आता दोन तुम्ही करून बघा. आपल्या राष्ट्रध्वजाची लांबी आणि उंची ३:२ असते, लांबी ९० सेंमी घेतली तर उंची? आणि १:५०,००० च्या नकाशावर दोन गावं ७ सेंमी अंतरावर आहेत, तर प्रत्यक्षात किती किलोमीटर? पहिल्याचं ६० सेंमी, दुसऱ्याचं साडेतीन किमी. दुसऱ्यात ३५० आलं असेल तर सेंटीमीटरचे आधी मीटर करायचेच राहिले आणि ३,५०,००० ला थेट १००० ने भागलंत, ती ओळ परत तपासा.