पारंपरिक श्रद्धेच्या घरात आजाऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी

आजारामागे पूर्वजांचा कोप, करणी किंवा बाधा आहे असे मानणाऱ्या घरातून प्रार्थनेचे बोलावणे आले, तर घरच्यांच्या लेखी पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मसेवक, हा बहुधा भगत-मांत्रिकासारखाच आणखी एक जाणकार असतो, हे धरूनच निघावे. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही. लुस्त्र गावात येशूचा प्रेषित पौल याच्या शब्दाने जन्माचा पांगळा माणूस चालू लागला, तेव्हा लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला ज्यूस व पौलाला हर्मेस हे ग्रीक देव ठरवून त्यांच्यापुढे बळी देण्यासाठी बैल आणले (बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४). त्यामुळे प्रार्थनेआधीच्या बोलण्याला घाई करू नये.

एकट्याने जाण्याचे टाळावे. याकोबाच्या पत्रात (५:१४) मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलावण्यास सांगितले आहे. चारजण मिळून प्रार्थना करतात, तेव्हा एखाद्याच्याच हाताला गुण आहे असा समज सहसा होत नाही. दुखणे कधी सुरू झाले, घरच्यांना कारण काय वाटते, कोणाला दाखवले, हे शांतपणे ऐकावे. या बोलण्यात शेजारणीवर किंवा सुनेवर संशय व्यक्त झाला, तर गप्पही राहू नये, कारण पाळकाचे मौन होकार म्हणून गावभर फिरते आणि त्या बाईचा छळ सुरू होऊ शकतो. जन्मांध माणसाच्या आंधळेपणाला त्याचे किंवा त्याच्या आईबापांचे पाप कारण असल्याचे येशूने नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातील तो भाग तेथे वाचून दाखवावा. मात्र घरच्यांच्या भीतीची थट्टा करू नये.

हात ठेवायचा असल्यास आजाऱ्याला विचारूनच ठेवावा आणि प्रार्थना त्याला समजेल अशा भाषेत, थोडक्यात करावी: “प्रभू येशू, या बहिणीच्या पोटातले दुखणे तू जाणतोस. तिला बरे कर. आज रात्री तिला झोप लागू दे. या घरातली भीती दूर कर. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.” येशूचे नाव ठरावीक वेळा उच्चारणे, आवाज चढवणे किंवा फुंकर घालणे यांमुळे विनवणीचा मंत्र होतो. तेल लावताना ते साधेच तेल असल्याचे सांगावे. उरलेली बाटली घरचे हमखास मागतात. माझ्या मते ती देऊ नये, कारण ती थेट अंगाऱ्याच्या पुडीशेजारी जाऊन बसते. आजाऱ्याच्या दंडावरचा ताईत आपण ओढून काढू नये. इफिस शहरात विश्वास ठेवलेल्या जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके स्वतःहून आणून जाळली होती.

औषध बंद करण्यास कधीही सांगू नये. शुद्ध हरपली असेल, श्वास लागला असेल किंवा रक्तस्राव होत असेल, तर आधी दवाखाना गाठावा आणि प्रार्थना वाटेत करावी. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिलाच होता. पैसे, कोंबडी, नारळ यांपैकी काहीही घेऊ नये. अलीशा संदेष्ट्याने कोडातून बरा झालेल्या नामान सेनापतीची भेट नाकारली, त्याचा सेवक गेहजी याने ती मागून घेतली आणि कोड ओढवून घेतले.

निघताना पुढच्या भेटीचा दिवस सांगावा आणि गुण आला नसला तरी त्या दिवशी जावे. विश्वास कमी पडला असे आजाऱ्याला ऐकवू नये. ज्या त्रासाला तो ‘शरीरातील काटा’ म्हणतो, तो निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, तरी तो निघाला नाही. गुण आलाच, तर त्याची साक्ष मंडळीत द्यायची की नाही, हे त्या माणसाला ठरवू द्यावे.