नर्सिंगमधली पीएचडी : कोकणात घोडं अडतं कुठे?

‘मच्छीमारांच्या उच्च रक्तदाबाविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम.’ असं शीर्षक सुचलं असेल तर जरा थांबा. आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, पुन्हा तीच प्रश्नावली आणि गुण वाढले; हे एमएस्सीला करून झालंय. ज्ञान वाढूनही रक्तदाब जिथल्या तिथे, कारण माणूस चार-चार दिवस समुद्रात आणि गोळ्या घरी. पीएचडीचा प्रश्न त्या घरी राहिलेल्या गोळ्यांत आहे.

दुसरी चूक वेळापत्रकाची, आणि ही फार महाग पडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे माणसं घरीच सापडणार, हा हिशेब अर्धाच खरा. गावचा मच्छीमार सापडतो. ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी मात्र नेमका तेव्हाच आपल्या गावी जातो. जूनमध्ये नोंदवलेल्या माणसाचा तीन महिन्यांचा फॉलो-अप येतो सप्टेंबरात. तोवर नारळी पौर्णिमा उलटून होड्या बाहेर पडलेल्या, त्यात गणपती. (चतुर्थीच्या आठवड्यात रक्तातली साखर मोजणाऱ्याला माझा नमस्कार.) म्हणून गळती, म्हणजे अभ्यास मधेच सोडणारी माणसं, आधीच धरा. शेवटी १२० माणसं हवीत आणि २० टक्के गळतील असं वाटत असेल, तर बरेच जण १४४ घेतात. त्यातले २० टक्के गेले की उरतात ११५. घ्यायला हवीत १५०. १२० ला ०.८ ने भागायचं.

टूलचं, म्हणजे माहिती गोळा करायच्या प्रश्नावलीचं, भाषांतर पुस्तकी मराठीत करून मालवणी माणसापुढे ठेवू नका. ‘आपण औषधोपचार नियमित घेता का?’ याला ‘होय गो बाय’ हेच उत्तर मिळणार. समोर सिस्टर बसलेली असताना नाही कोण म्हणेल? ‘गेल्या सात दिवसांत गोळी किती वेळा चुकली?’ असं विचारा. पण मूळ टूल दुसऱ्याचं असेल तर शब्द बदलण्याआधी लेखी परवानगी घ्या. मग उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) आणि पायलट, म्हणजे छोटी आधीची चाचणी, त्याच किनाऱ्यावर, मात्र मुख्य अभ्यासात नसलेल्या वाडीत.

एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी गोळा केलेली माहिती बाद समजा. रुग्णांवर एखादा उपाय करून पाहणार असाल, तर पहिला माणूस घेण्याआधीच सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही, गाईड कितीही ‘नंतर बघू’ म्हणाले तरी.