समुद्राखालचा बोगदा खणताना भूविज्ञानाच्या या चुका टाळा

समुद्राखालच्या बोगद्यांचे भूवैज्ञानिक अहवाल तपासण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला काही चुका पान उलटण्याआधीच ओळखू येऊ लागतात. समुद्र वर आहे म्हणून सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे लागते आणि पंप, दरवाजे, अस्तराची जाडी यांवर पानेच्या पाने खर्च होतात. पण ते पाणी आत येणार की नाही, हे ठरवणाऱ्या मधल्या खडकाला मात्र चार परिच्छेदांत गुंडाळले जाते. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी एकही नवी नाही, आणि नेमके त्याचेच वैताग आणणारे आश्चर्य वाटते.

काठावरच्या खडकावरून मधला खडक गृहीत धरणे

ही सर्वांत महागडी चूक आहे आणि ती बहुधा अनुभवी माणसांकडूनच होते. दोन्ही किनाऱ्यांवर टणक ग्नाइस किंवा ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो, दोन्हीकडचे नकाशे जुळतात, आणि मधल्या निळ्या पट्ट्यातून रेघ ओढून दोन्ही बाजू जोडून टाकल्या जातात. ती रेघ ओढताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: इथे पाणी का आहे? नदीने किंवा हिमनदीने पूर्वी खोल दरी कोरली आणि पुढे ती समुद्राने भरली, तर ती दरी नेमकी त्याच जागी पडण्यामागे बहुतेक वेळा काही कारण असते, कारण भ्रंशामुळे, म्हणजे खडक तुटून सरकल्यामुळे, चुरा झालेला किंवा कुजलेला खडक झिजेला सर्वांत आधी बळी पडतो. म्हणजे जिथे पाणी सर्वांत खोल, तिथेच खडक कमकुवत असण्याचा संभव अधिक, तिथेच बोगद्यावरचे खडकाचे आवरण सर्वांत पातळ, आणि तिथेच बोअर (नमुना काढण्यासाठी मारलेले खोल छिद्र) घेणे सर्वांत कठीण आणि खर्चिक. साहजिकच बोअर किनाऱ्याजवळ दाटीने दिसतात आणि मध्यभागी विरळ होत जातात, जे खरे तर उलट असायला हवे.

नॉर्वेतील ऑस्लोफियोर्ड बोगदा हे याचे ठळक उदाहरण आहे. सुमारे ७.३ किलोमीटर लांबीचा आणि समुद्रसपाटीखाली १३४ मीटरपर्यंत उतरणारा हा रस्त्याचा बोगदा २००० मध्ये खुला झाला. सर्वेक्षणात त्या भागात कमकुवत पट्टा असल्याचे कळले होते. तथापि हिमनदीने कोरलेली आणि वाळू, गोटे व गाळाने भरलेली घळ अपेक्षेपेक्षा बरीच खोल गेलेली होती, आणि बोगद्याच्या छताच्या पातळीवर काही अंतर खडकच शिल्लक नव्हता. पुढे मारलेल्या चाचणी छिद्रांमुळे हे खोदाई तिथे पोहोचण्याआधी समजले, हे नशीब. मग त्या जागेला अधिक खोलीवरून वळसा घालणारा तात्पुरता बोगदा खणून पलीकडचे काम चालू ठेवले गेले, आणि सुमारे १२० मीटर पाण्याच्या दाबाखालची ती भुसभुशीत जमीन गोठवून मगच मुख्य बोगदा त्यातून नेता आला. त्याच देशात बर्गनजवळच्या ब्योरोय बोगद्यात, अतिप्राचीन ग्नाइसच्या प्रदेशात, एका भ्रंशपट्ट्यात जुरासिक काळातील सुटी वाळू आणि कोळसा सापडला. आसपासच्या जमिनीवर त्या काळाच्या खडकाचा मागमूस नसल्यामुळे किनाऱ्यावर कितीही बारकाईने हिंडले असते तरी तो दिसला नसता. चीनमधील शियामेनच्या शियांग-आन बोगद्यातही ग्रॅनाइट कुजून तयार झालेल्या खोल घळींनी अशीच परीक्षा पाहिली.

याउलट इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची आखणी पाहावी. सामुद्रधुनीच्या मध्यभागी फॉस दांजार नावाच्या, गाळाने भरलेल्या खोल घळी आहेत. त्या आधी शोधून मार्ग त्यांना टाळून नेला गेला. तो मार्ग खडूमिश्रित मार्लच्या (चुना आणि चिकणमाती मिसळलेल्या खडकाच्या) ज्या थरातून जातो, तो जेमतेम २५ ते ३० मीटर जाडीचा आहे. त्यात चिकणमातीचे प्रमाण पुरेसे असल्याने पाणी कमी झिरपते आणि तो कापायलाही मऊ आहे. बोगदा सरळ रेषेत न जाता त्या थराचे वळण धरत वरखाली जातो, आणि ज्यांना ही वळणे पाहून ‘लांबी वाढली’ असे वाटते त्यांनी खालच्या गॉल्ट चिकणमातीत किंवा वरच्या भेगाळ खडूत खणण्याचा हिशोब एकदा मांडून पाहावा.

माझी सवय अशी आहे की अहवाल हाती आल्यावर मी आधी समुद्रतळाचा नकाशा उघडतो, सर्वांत खोल भागांना जोडणारी रेषा दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत वाढवतो, आणि तिथे एखादी सरळ दरी, खिंड किंवा झऱ्यांची ओळ सापडते का ते बघतो. सापडली, तर अहवालात भ्रंश लिहिलेला असो वा नसो, मी तो आहे असे धरून चालतो. भूकंपलहरींच्या सर्वेक्षणावर विसंबून हे काम टाळता येत नाही, कारण अरुंद पट्टे त्यात पुसट होतात आणि तीव्र उताराच्या घळीत कडांवरून परतलेल्या लहरी तळाची खोली चुकीची दाखवू शकतात.

सापडलेल्या गाभ्याची सरासरी काढणे

बोअरमधून आलेल्या गाभ्याची, म्हणजे खडकाच्या दंडगोल नमुन्याची, गुणवत्ता सरासरी ७५ टक्के, म्हणून खडक चांगला, असे वाक्य दिसले की मी थांबतो. बोगदा सरासरीत कोसळत नाही. तो त्या दीड मीटरमध्ये कोसळतो जिथून गाभा आलाच नाही. भ्रंशातली माती आणि चुरा बोअरच्या पाण्याबरोबर धुऊन जातात आणि पेटीत त्या रिकाम्या जागी ठेवलेला लाकडाचा ठोकळा तेवढा उरतो. माझ्या दृष्टीने तो ठोकळाच अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग असतो, आणि त्याच्या जोडीला बोअर मारणाऱ्या कामगाराची रोजची नोंदवही: पाणी परत येणे कुठे बंद झाले, दांडा कुठे आपोआप खाली गेला, कुठे छिद्र बुजले. नवीन अभियंते ही वही मागतही नाहीत, कारण ती तक्त्यात बसत नाही.

चाचणी छिद्रे ‘वेळ वाचवण्यासाठी’ वगळणे

सुरुंग लावून खणायच्या बोगद्यात खोदाईच्या तोंडापासून पुढे साधारण २५ ते ३० मीटर लांबीची छिद्रे मारून पाणी तपासले जाते, आणि पुढची फेरी आधीच्या छिद्रांवर काही मीटर चढवून घेतली जाते, म्हणजे न तपासलेला खडक कधीच समोर राहत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, कारण बहुतेक वेळा छिद्र कोरडे निघते, आणि अनेक फेऱ्या कोरड्या गेल्या की कुणीतरी म्हणतेच की आता एक सोडून एक फेरी चालेल.

अशा एका प्रकल्पावर सल्लागार म्हणून गेलो असताना ठेकेदाराच्या माणसांनी नेमके हेच केले होते. एका पाळीत फेरी वगळली, पुढचा सुरुंग उडाला आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातल्या उभ्या भेगेतून खारे पाणी दाबाने यायला लागले. छत शाबूत होते, कुणाला इजा झाली नाही, पाण्याचे प्रमाणही पंपांच्या आवाक्यात होते. म्हणून तिथल्या तरुण व्यवस्थापकाला वाटले की दोन दिवसांत ग्राउट (भेगा बुजवणारे सिमेंटचे पातळ मिश्रण) भरून पुढे जाऊ. परंतु उघड्या तोंडावर वाहत्या पाण्यात ग्राउट भरणे आणि अखंड खडकात आधीच ग्राउट भरणे ही दोन वेगळी कामे आहेत. सिमेंट घट्ट होण्याआधीच पाण्याबरोबर परत बाहेर येत होते, एक भेग बंद केली की शेजारची सुटत होती, आणि शेवटी तोंडावर काँक्रीटची भिंत घालून, पाण्याला वाट करून देणारी छिद्रे ठेवून, भिंतीमागून पद्धतशीर ग्राउट करावे लागले. वाचवलेल्या काही तासांच्या बदल्यात कित्येक आठवडे गेले. त्या काळात व्यवस्थापक रोज विचारत होता की अधिक दाब देऊन हे लवकर उरकता येणार नाही का. दाब वाढवल्यावर काही ठिकाणी खडकच फाटून नव्या वाटा तयार झाल्या, तेव्हा कुठे तो प्रश्न थांबला.

चाचणी छिद्रे मारली म्हणजे पाणी येणारच नाही, असेही नाही. जपानच्या सेइकान बोगद्यात ज्वालामुखी खडक आणि भ्रंशपट्टे यांतून वाट काढताना दोन किलोमीटरहून लांब आडव्या बोअरपर्यंत सगळे उपाय झाले, मुख्य बोगद्याच्या आधी मार्गदर्शक बोगदा खणला गेला, आणि तरीही चार वेळा मोठे पाणी शिरले. १९७६ च्या घटनेत ते मिनिटाला सुमारे ७० टनांच्या घरात गेले. ५३.८५ किलोमीटरचा तो बोगदा १९८८ मध्ये सुरू झाला, पण तोवर ३४ कामगारांचा बळी गेला होता. इतक्या काळजीनंतर हे घडते, तर काळजी न घेता काय घडेल याचा अंदाज करायला भूवैज्ञानिक असण्याची गरज नाही.

छिद्र मारण्याआधी तोंडाशी झडपेची नळी घट्ट बसवलेली असावी, पॅकर (छिद्र आतून बंद करणारा बूच) हाताशी असावा, आणि बारीक भेगांसाठी सूक्ष्म सिमेंट जागेवर असावे. गोदामात असलेले सिमेंट मी नसल्यासारखेच धरतो.

आलेले पाणी समुद्राचेच आहे असे धरणे

इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणाऱ्या सेव्हर्न बोगद्यात १८७९ मध्ये पाणी भरले, ते वरच्या खाडीचे नव्हते; वेल्सच्या बाजूला, जमिनीखालच्या चुनखडीच्या भेगेतून फुटलेल्या गोड्या पाण्याच्या झऱ्याने काम बुडवले. पुढच्या वर्षी अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाच्या पाणबुड्याने अंधारात बुडालेल्या बोगद्यातून चालत जाऊन लोखंडी दरवाजा बंद केला, तेव्हा उपसा शक्य झाला. म्हणून प्रत्येक नव्या स्रोताची क्षारता आणि तापमान त्याच दिवशी मोजावे. पाणी कुठून येते हे कळल्याशिवाय ते कुठे अडवायचे हे ठरत नाही.

यंत्र चांगल्या खडकासाठी निवडणे

इंग्लिश खाडीत फ्रान्सच्या बाजूचे थर अधिक भेगाळ आणि पाणथळ असल्याचे माहीत असल्यामुळे तिथे दाब सोसणारी, तोंड बंद करून चालवता येणारी यंत्रे आणली गेली. ब्रिटिश बाजूला खडक कोरडा राहील या अपेक्षेने उघडी यंत्रे निवडली, आणि काही अंतरावर अपेक्षेपेक्षा ओला, सुटा खडक लागल्यावर अस्तराचे तुकडे बसवणेच कठीण होऊन काम रेंगाळले. डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट बोगद्यात तर हिमनदीने आणलेली गोट्यांची माती आणि तिच्याखालचे मार्ल अशी दुहेरी अडचण होती. १९९१ मध्ये पाणी शिरून यंत्रे बुडाली, आणि नंतर समुद्रतळातून विहिरी घेऊन मार्लमधल्या पाण्याचा दाब कमी करावा लागला. यंत्र मार्गातल्या सर्वांत वाईट शंभर मीटरसाठी निवडावे. बाकीच्या अंतरात ते थोडे सावकाश चालेल, एवढेच.

उरलेल्या चुकांसाठी फार शब्द नकोत. फुगणाऱ्या चिकणमातीची प्रयोगशाळेत चाचणी न करता केवळ शॉटक्रीटच्या (फवारलेल्या काँक्रीटच्या) पातळ थरावर विसंबू नये, कारण ती काही दिवस शांत राहून मग हलते. पाण्याचा दाब कमी व्हावा म्हणून बोगदा उथळ नेऊन खडकाचे आवरण कमी करू नये. खाऱ्या पाण्यात साधे रॉक बोल्ट (खडक धरून ठेवणारे पोलादी दांडे) वापरू नयेत. समुद्रतळावर ठेवायच्या नळ्यांच्या बोगद्याला भूविज्ञान लागत नाही, हा गैरसमज तर सोडूनच द्यावा: इस्तंबूलच्या मार्मराय बोगद्यात, जवळच्या उत्तर अनातोलियन भ्रंशामुळे, सैल वाळू भूकंपात द्रवासारखी पातळ होऊ नये म्हणून जमीन आधी घट्ट करावी लागली.

आणि अस्तर पूर्ण झाल्यावर पाणी मोजणे थांबवू नये. समुद्राखालच्या बोगद्याचा सर्वांत खोल भाग मध्ये असतो, त्यामुळे झिरपलेला प्रत्येक थेंब उपसूनच बाहेर काढावा लागतो, आणि सेव्हर्नमधला उपसा आजही चालू आहे. आकडा वाढला की सगळे धावतात. पण तो विनाकारण कमी झाला तर मी अधिक घाईने जातो, कारण पाणी यायचे थांबलेले नसून निचऱ्याच्या वाटा क्षारांनी किंवा लोहाच्या गाळाने बुजलेल्या असू शकतात, आणि मग दाब अस्तरामागे साठत जातो. तेव्हा आधी निचऱ्याच्या नळ्या तपासाव्यात, मग अस्तरामागचे दाबमापक वाचावेत, आणि दाबमापक बसवलेलेच नसतील तर ते आधी बसवून घ्यावेत.