क्रॉसओव्हरचे रेझिस्टर: आधी ओहम, मग वॅट, ब्रँड शेवटी

टू-वे स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर नावाचं फिल्टर सर्किट आवाज दोन भागांत वाटतं: खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला. यात ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा मोठ्याने वाजतो. वूफरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती मोठा आवाज) ८८ डीबी आणि ट्वीटरची ९१ असेल, तर ट्वीटर ३ डीबीने खाली आणावा लागतो. ते काम दोन रेझिस्टरांचं एल-पॅड करतं: एक ट्वीटरच्या सिरीजमध्ये, दुसरा ट्वीटरला पॅरलल. हे पॅड क्रॉसओव्हरचा फिल्टर आणि ट्वीटर यांच्या मध्ये बसवा. ते फिल्टरच्या आधी लावलं तर फिल्टरचा सगळा हिशेब बदलतो.

८ ओहमच्या ट्वीटरला ३ डीबी उतरवायला सिरीजमध्ये २.३४ आणि पॅरललला १९.४ ओहम लागतात. हे आकडे दुकानात मिळत नाहीत. २.२ आणि १८ लावले तर २.९ डीबी उतरतात, चालून जातं. त्याहून बरं म्हणजे ४.७ ओहमचे दोन पॅरलल (२.३५) आणि ३९ ओहमचे दोन पॅरलल (१९.५). आकडा जवळजवळ तंतोतंत येतो, उष्णता दोघांत वाटली जाते आणि इंडक्टन्सही (वायरच्या वेटोळ्यांमुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला होणारा अडथळा) निम्मा होतो. ६ डीबी हवे असतील तर सरळ ३.९ आणि ८.२ घ्या.

मात्र ट्वीटरवर छापलेल्या ८ वर विसंबू नका. डेटाशीटमधला इम्पीडन्सचा (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या ओहमचा) आलेख क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे वूफर-ट्वीटरच्या वाटणीच्या, वरच्या भागात ६ ओहम दाखवत असेल, तर त्याच ३ डीबीसाठी १.७५ आणि १४.५ लागतील.

आता वॅट. वरच्या ३ डीबीच्या पॅडमध्ये आलेल्या पॉवरपैकी साधारण २९ टक्के सिरीजचा रेझिस्टर खातो, २१ टक्के पॅरललचा. ट्वीटरला उरते निम्मी. ट्वीटरच्या शाखेत सलग २० वॅट गेले तर सिरीजमध्ये जवळपास ६ वॅट जळतात. तिथे ५ वॅटचा रेझिस्टर म्हणजे आज ना उद्या तडा. १० वॅटचे दोन घेतले की प्रत्येकावर ३ वॅट येतात, निवांत काम. अँप्लिफायर क्लिप होऊ लागला की वरच्या फ्रिक्वेन्सीत जास्त पॉवर जाते, म्हणून वॅटची ही शिल्लक राखायलाच हवी. सिरीजचा रेझिस्टर तुटला तर ट्वीटर गप्प होतो, लगेच कळतं. पॅरललचा तुटला तर ट्वीटर थोडा वर चढतो, फिल्टरवरचा लोड ८ वरून १० ओहमच्या पुढे जातो आणि ‘आवाज कर्कश का झाला’ याचा शोध फिल्टरच्या कॅपॅसिटरमध्ये घेतला जातो.

प्रकारांबद्दल वाद खूप, फरक कमी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा पांढरा सिमेंट रेझिस्टर वायरवाउंड, म्हणजे तार गुंडाळून केलेला, असतो. त्याच्या इंडक्टन्सची भीती अवास्तव आहे: ५ मायक्रोहेन्री धरले तरी २० किलोहर्ट्झला ०.६३ ओहम होतात आणि १० ओहमच्या रेझिस्टरचा एकूण इम्पीडन्स जेमतेम १०.०२ होतो. खरा मुद्दा तापण्याचा. तापमान गुणांक अंशामागे ३०० पीपीएम (दहा लाखांत ३०० भाग) असेल आणि रेझिस्टर १०० अंशांनी तापला, तर ओहमचा आकडा ३ टक्के सरकतो. मेटल ऑक्साइड, किंवा मिल्स ब्रँडसारखे नॉन-इंडक्टिव्ह वायरवाउंड घ्यायचे तर कमी टॉलरन्स (छापील आकड्यातली चूक) आणि कमी गुणांक यांसाठी घ्या. मुंडॉर्फ, यांत्झेन या ब्रँडांकडेही पर्याय आहेत. सोनेरी अॅल्युमिनियम बॉडीवाल्यांवर छापलेले ५० वॅट हीटसिंकवर बसवल्यावरचे असतात. लाकडावर स्क्रूने मारला तर तो आकडा विसरा.

सिमेंट रेझिस्टरवर ‘१० डब्ल्यू २ आर २ जे’ असं लिहिलेलं असतं: १० वॅट, २.२ ओहम, जे म्हणजे ५ टक्के टॉलरन्स. एफ असेल तर १ टक्का. सिरीजच्या रेझिस्टरमध्ये ५ टक्के चूक म्हणजे ०.१२ डीबी, एका स्पीकरमध्ये कुणाला कळणार नाही. पण डावा वर आणि उजवा खाली असला की फरक दुप्पट होतो. म्हणून स्वस्तातले आठ-दहा घ्या, मोजा आणि जुळणाऱ्या जोड्या लावा. मल्टीमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम असतो. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. बेंच सप्लाय (करंट ठरवता येणारा पॉवर सप्लाय) असेल तर १०० मिलिअँपिअर सोडा आणि व्होल्टेज थेट रेझिस्टरच्या पायांवर मोजा: २.२ ओहमला ०.२२ व्होल्ट.

ट्वीटर किती उतरवायचा ते ऐकून ठरवायचं असेल तर आधी क्रोकोडाइल क्लिपने साधे सिमेंट लावा, सिरीजचा आकडा अर्ध्या-अर्ध्या ओहमने बदला, काही दिवस ऐका. महागडे रेझिस्टर ओहमचा आकडा पक्का झाल्यावरच मागवा.

बोर्डवर बसवताना ३ ते ५ मिलिमीटर उचलून ठेवा. पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर आणि पेटीतला कापूस या दोन्हींपासून लांब, कारण बंद पेटीत हवा खेळत नाही. हॉट ग्लूने चिकटवू नका, तापला की मऊ होऊन रेझिस्टर लोंबतो आणि व्हायब्रेशनने सोल्डर सुटतो. सिलिकॉन वापरा, पण न्यूट्रल क्युअरचा. व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन तांबं खातो.