जुन्या बोल्टवर लीड करण्याआधी

मेळघाटच्या अंगाला एखाद्या कड्यावर चढाईसाठी कातळात बसवलेले बोल्ट आहेत, पण पावसाळ्यानंतर तिकडे कोणी फिरकलेलं नाही, तर खालून थेट लीड (म्हणजे वाटेतल्या बोल्टमध्ये दोर अडकवत पहिल्याने चढणं) करू नका. माथ्यावर जा, दोरावरून उतरा आणि एकेक बोल्ट तपासा. व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पुढे दुपारी काळ्या कातळाला हात लावणं कठीण.

आधी दुर्बिणीने कपारी आणि छज्जे पाहा. आग्या मोहोळ दिसलं की त्या दिवशी परत फिरा. रूट, म्हणजे चढाईची वाट, मोहोळापासून जरा बाजूला आहे, हा हिशेब चालत नाही. हातोडीच्या ठोक्यांनी माश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्याला पळता येत नाही.

माथ्यावर दोर दोन वेगवेगळ्या जिवंत झाडांना बांधा. काठावर मुरमाचा थर पातळ, मुळं वरवरची. म्हणून आतली झाडं निवडा. कडेवर गोणपाट टाका, दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारा.

उतरताना कातळाचे थर बघा. काळा, घट्ट थर बोल्टला उत्तम. भोकाभोकांचा, पांढऱ्या खनिजाने भरलेला थर ठिसूळ असू शकतो. दोन थरांमधला गेरूसारखा लाल पट्टा सगळ्यात दगाबाज: पावसात तो झिजतो आणि वरचा दगड अधांतरी राहतो. होल्ड, म्हणजे हातापायाला धरायची जागा, दिसायला मोठा, पण भरवशाचा नाही.

प्रत्येक हँगरभोवती (बोल्टवरची भोक असलेली धातूची पट्टी) हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर मागे पोकळी आहे. वीतभर अंतरात भेग असली तरी तो बोल्ट बाद धरा, स्टेनलेसचा असला तरी. हँगर सैल असेल तर नट आवळा: १० मिमी बोल्टला बहुधा १७ चा पाना लागतो, १२ मिमीला १९ चा, पण काही नट १६ आणि १८ चे निघतात, म्हणून चारही ठेवा. नट फिरतच राहिला आणि बोल्ट बाहेर सरकू लागला, म्हणजे आत पकड उरलेली नाही. तिथे ताकद लावू नका, दांडा तुटतो. तांबूस ओघळ दिसला तरी तो बोल्ट वापरू नका. अँकरचे, म्हणजे रूटच्या शेवटी दोर अडकवायच्या जागेचे, दोन्ही बोल्ट नीट नसतील तर रूट तिथेच सोडा.

६० मीटरच्या दोरावर अँकर ३० मीटरच्या आतच हवा. पहिला बोल्ट उंच असेल तर लांब बांबूच्या टोकाला क्विकड्रॉ (पट्टीने जोडलेल्या दोन कड्या) चिकटपट्टीने अडकवून दोर आधीच लावा. बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, हेल्मेट घालून रूटच्या रेषेपासून बाजूला, पण कड्यालगत उभं राहावं. पायाखालची सागाची वाळकी पानं आधी झाडून टाकावीत, पाय सटकतो.