स्टॉर्मवॉटर फीला विरोध करायचाय? मग असा करा

अमेरिकेत ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना सिटीकडून असं पत्र आलं असेल, की अमुक महिन्यापासून तुमच्या प्रॉपर्टीला स्टॉर्मवॉटर फी, म्हणजे पावसाच्या वाहून जाणाऱ्या पाण्याची सोय करायची फी, लागणार, कुठे ती पाण्याच्या बिलात येते तर कुठे थेट प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात. मग दोन दिवस सगळे 'आता पावसावर पण टॅक्स' म्हणून तावातावाने बोलतात आणि हिअरिंगच्या, म्हणजे सिटीने लोकांचं म्हणणं ऐकायला ठेवलेल्या सभेच्या दिवशी हॉल रिकामा. असं करू नका. नीट केलेला विरोध कोर्टातही टिकलाय आणि मतदानातही.

पत्र आलं की आधी त्यातली हिअरिंगची तारीख आणि लेखी ऑब्जेक्शन द्यायची शेवटची तारीख बघा, बाकी सगळं नंतर. ती तारीख गेली की तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी कुणी ऐकून घेत नाही.

मग हे समजून घ्या की सिटी पैसे का मागतेय. 1987 मध्ये क्लीन वॉटर ॲक्टमध्ये, म्हणजे जलप्रदूषणाच्या केंद्रीय कायद्यात, बदल झाला आणि रस्त्यांवरून, छपरांवरून वाहून नदीत जाणाऱ्या पाण्याची जबाबदारी शहरांवर आली, मोठ्या शहरांना 1990 च्या नियमांनी परमिट घ्यावं लागलं आणि मग 1999 च्या नियमांनी छोटी शहरंही त्यात आली. म्हणजे खर्च खरा आहे, तो टळत नाही. त्यामुळे तुम्ही नुसतं 'फी नको' म्हणालात की काउन्सिलमधला माणूस विचारणार, मग पैसे कुठून आणू, आणि तिथे आपण गप्प. कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये 2009 मध्ये लोकांनी इश्यू 300 नावाच्या मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला मत दिलं आणि त्यानंतर तिथली स्टॉर्मवॉटर फी बंद झाली, पण कामं रखडली, 2016 मध्ये ईपीएने, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याने, सिटीवर केस टाकली, आणि 2017 मध्ये त्याच शहरातल्या लोकांनी मत देऊन फी परत आणली, घरटी महिना 5 डॉलर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, विरोध फीच्या हिशोबाला करा, गटारं बांधण्याला नको.

आता हिशोब. बहुतेक ठिकाणी फी ठरते ती इम्पर्व्हिअस एरियावर, म्हणजे पाणी जिथे जमिनीत मुरत नाही अशी जागा, छप्पर, ड्राइव्हवे, पॅटिओ, पार्किंग. शहरातल्या एका साधारण घराची अशी जागा मोजून एक युनिट ठरवतात, त्याला ईआरयू म्हणतात. समजा युनिट 2,500 स्क्वेअर फुटांचं आहे आणि दर महिना 6 डॉलर, तर 10,000 स्क्वेअर फूट पार्किंग आणि छप्पर असलेल्या दुकानाला 4 युनिट, महिना 24 डॉलर. हे ऐकायला ठीक वाटतं, पण कित्येक शहरं घरांना सरसकट एकच युनिट लावतात, मग छोट्या टाउनहाउसवाल्या आजीबाई आणि तीन गाड्यांचं गॅरेज असलेला बंगला दोघं सारखेच पैसे भरतात. हा मुद्दा धरा, कारण यावर काउन्सिलला उत्तर द्यावंच लागतं आणि त्यावर उपायही आहे, घरांचे दोन-तीन गट पाडून वेगळे दर लावता येतात, बऱ्याच शहरांनी तसं केलंय.

दुसरं म्हणजे तुमचं माप चुकलेलं असू शकतं. हे माप विमानातून काढलेल्या फोटोंवरून घेतात. सिटीच्या वेबसाइटवर तुमच्या पार्सलचा, म्हणजे नोंदणी असलेल्या प्लॉटचा, नकाशा असतो, तो मोठा करून बघा, रंग भरलेला भाग नक्की कुठपर्यंत जातो ते. झाडाची सावली काँक्रीट म्हणून धरलेली असते, पाडून टाकलेली शेड अजून दिसत असते, शेजाऱ्याशी कॉमन असलेला ड्राइव्हवे पूर्ण तुमच्याच नावावर लागलेला असतो, फळ्यांमधून पाणी खाली जाणारं डेक छप्पर समजून मोजलेलं असतं. टेप घ्या, स्वतः मोजा, साधं स्केच काढा, चार फोटो जोडा आणि अपील टाका. ग्रॅव्हलबद्दल मात्र आधी ऑर्डिनन्स, म्हणजे सिटीचा या फीचा कायदा, वाचा, काही ठिकाणी ती पण इम्पर्व्हिअसच धरतात. रेन गार्डन (पाणी मुरवणारा बागेचा खोलगट वाफा), पाणी मुरणारे पेव्हर्स किंवा एचओएचं (घरमालकांच्या संघटनेचं) स्वतःचं डिटेन्शन पाँड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारं तळं, असेल तर क्रेडिट, म्हणजे फीमध्ये सूट, मिळतं का विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.

त्यानंतर तुमच्या राज्याचा कायदा, खरी ताकद इथे आहे. सिटी याला मुद्दाम फी म्हणते, टॅक्स म्हणत नाही, कारण टॅक्सला बऱ्याच राज्यांत लोकांची मंजुरी लागते आणि शिवाय फी म्हटली की चर्च, मंदिरं, शाळा यांच्याकडूनही घेता येते. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने 1998 मध्ये लॅन्सिंग शहराची अशी फी हा टॅक्सच आहे असं ठरवून ती रद्द केली, तिथे तीन गोष्टी पाहिल्या, फी नियमनासाठी आहे की नुसता महसूल गोळा करायला, मिळणाऱ्या सेवेच्या प्रमाणात आहे का, आणि ती टाळायची काही सोय लोकांना आहे का. तुमचं निवेदन याच तीन प्रश्नांवर लिहा, राज्य कुठलंही असो, मुद्दे मोघम राहत नाहीत. कॅलिफोर्नियात लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या 1996 च्या प्रॉपोझिशन 218 मुळे प्रत्येक मालकाला टपालाने नोटीस द्यावी लागते, हिअरिंगआधी किमान 45 दिवस, आणि निम्म्याहून जास्त पार्सल्सचे लेखी प्रोटेस्ट आले तर फी लावताच येत नाही, एका पार्सलचा एकच प्रोटेस्ट धरतात, म्हणून नवरा-बायकोने दोन पत्रं पाठवण्यापेक्षा शेजारच्या घराचं एक मिळवा. मेरीलँडमध्ये 2012 च्या कायद्याने दहा ठिकाणी ही फी सक्तीची केली होती, फ्रेडरिक काउंटीने निषेध म्हणून वर्षाला 1 सेंट लावला, आणि 2015 मध्ये ती सक्तीच गेली.

हिअरिंगला बोलायला साधारण दोन-तीन मिनिटंच मिळतात. आधीच राज्याच्या पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली रेट स्टडी, म्हणजे दर कसा ठरवला त्याचा अहवाल, आणि पुढच्या पाच वर्षांच्या कामांची यादी मागवून ठेवा. मग गल्लीतल्या लोकांनी मुद्दे वाटून घ्या, एकाने सरसकट दर, एकाने चुकलेली मापं, एकाने भाडेकरूंवर पडणारा बोजा, सगळ्यांनी तेच तेच बोललं की समोरचे पेन खाली ठेवतात. आणि मागणी ठोस हवी, पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, दुसरीकडे वळवू नका, दरवर्षी हिशोब छापा, कमी उत्पन्नाच्या घरांना सूट द्या, अपीलला पुरेसा वेळ द्या. लेखी प्रतही सिटी क्लार्ककडे द्या, पुढे कोर्टात जायची वेळ आली तर रेकॉर्डवर असलेलंच कामाला येतं.

एक मात्र करू नका, रागाच्या भरात फी भरणं थांबवू नका. हात दाखवून अवलक्षण होईल, बऱ्याच ठिकाणी थकबाकी घरावर लीन, म्हणजे बोजा, म्हणून चढते. पैसे भरा, सोबत 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे विरोध कायम ठेवून भरतोय, असं लेखी कळवा, पावती जपून ठेवा, आणि रिफंड मागायची मुदत किती आहे ते वकिलाला विचारून घ्या, ती कित्येकदा फार थोडी असते.